तापलेली शीट, अनोळखी हात

बांबूची कांब निखाऱ्यावर धरून फिरवत राहिले की काही वेळाने ती ऐकू लागते. कुठे धरायची, किती फिरवायची, साल काळी पडण्याआधी कधी उचलायची, हे बुरुडाचा हात सांगतो. मग कांब हवी तशी वाकवून धरायची आणि गार होऊ द्यायची. तो बाक पुढे तसाच राहतो. बांबूच्या धाग्यांना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि गार झाल्यावर पुन्हा कडक होते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यामागचे रसायनशास्त्र कुणी शिकवलेले नसतानाही.

प्लास्टिकच्या काही जातींचे वागणे असेच असते. त्यांचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे, एकमेकांत गुंतलेले. तापवले की साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि कडक शीट भिजवलेल्या कणकेच्या पोळीसारखी लवचीक होते. गार झाल्यावर साखळ्या जिथल्या तिथे थिजतात. या गुणावर चालणारे एक साधे, स्वस्त आणि फार उपयोगी यंत्र म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मर. चौकटीत प्लास्टिकची शीट आवळायची, हीटरखाली मऊ करायची, साच्यावर उतरवायची आणि खालची हवा पंपाने काढून घ्यायची. काही सेकंदांत शीट साच्याला चिकटून बसते आणि त्याचा आकार घेते.

पंप शीट ओढतो असे वाटते, पण खरे काम वरची हवा करते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. एरवी तो सगळीकडून सारखा असतो, म्हणून जाणवत नाही. शीटच्या खालची हवा काढली की हिशेब एकतर्फी होतो. तीस सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद शीटचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. खालची सगळी हवा काढता आली, तर तिच्यावर नऊ क्विंटलहून अधिक भार पडेल, म्हणजे बैलगाडीभर धानाएवढा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर यातला जेमतेम पाचवा भाग साधतो. तेवढ्यातही पातळ शीट साच्यावर नीट बसते. चांगला पंप बहुतेक सगळा भार वापरतो आणि साच्यावरची बारीक रेघही शीटवर उमटवतो.

रोजच्या आयुष्यात या यंत्राची कामे सगळीकडे आहेत, फक्त त्यामागचे यंत्र दिसत नाही. मिठाईच्या खोक्यातला खळग्यांचा ट्रे, दुकानावरची फुगीर अक्षरे, भाजीपाल्याच्या रोपवाटिकेतला ९८ खळग्यांचा प्रोट्रे हे सगळे तापवलेल्या शीटपासूनच बनते. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेल्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी पायाला आधार देणारे ब्रेस बनतात. त्यांची जगभर रूढ असलेली पद्धत हीच आहे: पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलीनची शीट पांघरायची आणि खालची हवा खेचून घ्यायची. अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेलचे पान आणि उठावदार नकाशे यांच्या प्रती काढण्याचे यंत्रही याच तत्त्वावर चालते. कागदावरच्या मूळ ठिपक्यांवर तापलेली पातळ शीट बसवली की बोटांना वाचता येणारी नवी प्रत तयार होते.

रंगभूमी आणि सिनेमाने तर या यंत्राचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे लंडनच्या ट्विकनम भागातल्या एका छोट्या कार्यशाळेत व्हॅक्यूम फॉर्मिंगने तयार झाली. त्यांचे हक्क कोणाचे हा वाद पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये शिरस्त्राण हे शिल्प ठरत नाही असा निकाल लागला. हे वाचताना गडचिरोलीच्या वाचकाला वडसा आठवेल. देसाईगंज म्हणजेच वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मुकुट, चिलखत, ढाल, मुखवटे अशा वस्तू एकाच साच्यावरून दहा-वीस काढायच्या असतील, वजनाला हलक्या आणि हंगामभर टिकणाऱ्या हव्या असतील, तर या यंत्राइतके सोयीचे दुसरे साधन नाही. मोहफुलांचे लाडू करणाऱ्या बचतगटाला खाद्यपदार्थांना चालणाऱ्या शीटचा साचा लागतो, रोपवाटिकेला ट्रे लागतो, शाळेला जिल्ह्याचा उठावाचा नकाशा लागतो. मात्र एकदा वापरून फेकायच्या ताटवाट्या हे या यंत्राचे काम नव्हे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोल आणि प्लास्टिकच्या अशा वस्तूंवर बंदी घातली आहे, आणि पळसाच्या पत्रावळीची बरोबरी त्यांना करताच येत नाही.

एवढ्या वेगवेगळ्या लोकांना थोडा थोडा वेळ लागणारे यंत्र प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नसतो. म्हणून ते सामायिक कार्यशाळेत शोभते: आयटीआयच्या आवारात, महाविद्यालयात, एखाद्या संस्थेच्या शेडमध्ये किंवा ग्रामसभेच्या जागेत. पण सामायिक झाले की धोक्याचे रूपही बदलते. घरच्या चुलीवरचा तवा तापलेला आहे हे घरातल्यांना माहीत असते, कारण तो त्यांनीच ठेवलेला असतो. सामायिक कार्यशाळेत हीटर एकाने तापवलेला असतो आणि हात दुसऱ्याचा लागतो. साचा सकाळच्या गटाने वापरलेला असतो आणि उचलणारा दुपारी आलेला असतो. चूक आणि इजा यांच्या मधे दोन अनोळखी माणसे असतात.

तापलेली वस्तू हाताला कळलीच नाही तर काय होते, याचा अनुभव या भागाने फार जवळून घेतला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे हातमागावर, छपाईत, सुतारकामात आणि लोखंडकामात राबत आली आहेत. कुष्ठरोगाने हाताच्या नसा बधिर होतात. बोटे झडतात ती रोग कुरतडतो म्हणून, असा समज शतकानुशतके होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या जखमा बारकाईने तपासल्या. त्यांना दिसले की बरीचशी हानी रोजच्या कामातून होते: चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलणे, हत्यार गरजेपेक्षा घट्ट आवळणे, फोड आलेला असतानाही तोच हात वापरत राहणे. दुखणे नसल्यामुळे थांबण्याची सूचनाच मिळत नव्हती. उपाय निघाला तो साधनांच्या बाजूने. मुठींना जाड लाकूड किंवा कापड, गरम भांड्यांना लांब दांडा, आणि दिवसातून एकदा डोळ्यांनी हात-पाय तपासण्याची सवय. जे हात सांगत नव्हता, ते साधनाने आणि नजरेने सांगायचे.

सामायिक यंत्रापुढे धडधाकट माणसाचा हातही तितकाच अजाण असतो. त्याला दुखणे कळते, पण उशिरा, चटका बसल्यानंतर. आधीच्या माणसाने काय केले ते त्याला माहीत नसते. म्हणून यंत्रानेच स्वतःची अवस्था सांगितली पाहिजे, आणि व्हॅक्यूम फॉर्मरच्या सुरक्षेचे बहुतेक सगळे उपाय इथूनच निघतात.

सुरुवात दिव्यापासून करता येते. अनेक यंत्रांवर लाल दिवा असतो, पण तो फक्त वीज चालू असल्याचे सांगतो. बटण बंद केले की दिवा विझतो आणि हीटर मात्र पुढची कितीतरी मिनिटे चटका देण्याइतका तापलेला राहतो. बघणाऱ्याला उलटाच निरोप मिळतो. दिवा हीटरजवळच्या तापमानावर चालणाऱ्या स्विचला जोडला, तर हीटर खरोखर गार होईपर्यंत तो पेटलेला राहतो. ते जमत नसेल तर एक लाकडी पाटी पुरे, एका बाजूला 'तापलेले' आणि दुसऱ्या बाजूला 'थंड'. यंत्र सुरू करणाऱ्याने ती उलटायची आणि जाण्यापूर्वी खात्री करून परत उलटायची. एटापल्ली-भामरागडकडच्या कार्यशाळेत अक्षरांशेजारी ज्वाळेचे चित्र असलेले बरे, कारण तिथे घरात माडिया बोलणारी आणि मराठी नुकती वाचू लागलेली मुलेही यंत्रापाशी येतील.

पुढचा प्रश्न विजेचा. छोट्या व्हॅक्यूम फॉर्मरचा हीटर साधारण दोन किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टला तो जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह घेतो. हे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटचे काम नाही. १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र वायर, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी ही किमान तयारी. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. गुंडाळलेल्या वायरमधून एवढा प्रवाह गेला की वेटोळे आतल्या आत तापते आणि आवरण वितळते. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ठीक असतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा जमीन कोरडीठाक पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहणे हेही यंत्राच्या देखभालीचे काम समजावे.

खेड्यातल्या विजेची आणखी एक खोड यंत्र चालवणाऱ्याला माहीत हवी. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज २३० वरून १८० वर आले, म्हणजे साधारण पाचव्या भागाने कमी झाले, तरी दोन किलोवॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटवर येतो. कालपर्यंत दीड मिनिटात मऊ होणारी शीट आज तीन मिनिटांनीही ताठच राहते. चालवणारा घड्याळ बघून वेळ वाढवतो, हीटर जवळ घेतो, आणि तेवढ्यात व्होल्टेज पूर्ववत होते. शीट काही सेकंदांत धूर सोडू लागते. म्हणून भिंतीवर मिनिटांचा तक्ता लावून भागत नाही. शेजारी व्होल्टमीटर हवा आणि नजर शीटवर हवी.

वीज अचानक जाते तेव्हा खरा धोका मागे उरतो. हीटर चालू असताना वीज गेली, थोडी वाट बघून माणसे घरी गेली, बटण तसेच राहिले आणि रात्री वीज आली, तर रिकाम्या शेडमध्ये हीटर पेटलेला. याचे उत्तर शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. पंपाच्या स्टार्टरला हिरवे आणि लाल बटण असते. वीज गेली की आतली कॉइल सुटते आणि वीज आल्यावर हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. रात्री उठून शेतावर जावे लागू नये म्हणून कित्येक जण तिथे ऑटो स्विच बसवतात. हीटरला स्टार्टरसारखे आपोआप सुटणारे बटण हवे आणि ऑटो कधीही नको.

आता शीट. यंत्रात कोणती शीट जाते यावर हवेत काय पसरेल ते ठरते. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, म्हणजे एचआयपीएस, शिकाऊ हातांसाठी सगळ्यांत सोपी. ती साधारण १५० ते १७५ अंशांदरम्यान मऊ होते, लवकर ताणली जाते आणि स्वस्तही असते. पीईटीजी पारदर्शक असते, कमी तापमानाला वळते आणि तिच्या खाद्यपदार्थांना चालणाऱ्या जाती मिळतात. एबीएस चिवट असते, मुकुट आणि ढालींना चांगली. एचआयपीएस आणि एबीएस गरजेपेक्षा जास्त तापले की स्टायरीनची वाफ सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. म्हणून धूर दिसण्याआधी थांबणे हा पहिला उपाय, आणि यंत्राच्या वरून हवा बाहेर फेकणारा पंखा हा दुसरा. तो पंखा शीटवर वारा मारणारा नसावा. वाऱ्याने शीट एका बाजूला गार राहते, दुसरीकडे जळते, आणि चालवणारा गार बाजूसाठी वेळ वाढवत राहतो.

पीव्हीसीपासून मात्र दूर राहिलेलेच बरे. गावोगावच्या चौकात वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स लागतात, ते पीव्हीसीचेच. पाटी रंगवणाऱ्यांकडे मिळणारी पांढरी फोम शीटही बहुधा पीव्हीसीचीच. जास्त तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाका-घशातल्या ओलाव्याशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि हेच आम्ल यंत्राचे लोखंडही खाते. घरात पडून असलेला प्लास्टिकचा तुकडा घेऊन लोक हौसेने येतात. हा चांगला उत्साह आहे, पण ज्या शीटवर प्लास्टिकची जात लिहिलेली नाही ती यंत्रात जात नाही, एवढा नियम तरी कुणासाठीही वाकवू नये. कापून उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर मार्करने जात लिहून ठेवली तर पुढच्या माणसाला अंदाज करावा लागत नाही.

पावसाळ्यात शीट हवेतला ओलावा शोषतात. एबीएस आणि ॲक्रिलिक यात पुढे, पॉलिकार्बोनेट तर तासन्‌तास वाळवल्याशिवाय तापवूच नये. ओली शीट तापली की आतले पाणी वाफ होऊन फोड येतात. वस्तू बिघडते ते वेगळेच. फोडांमुळे शीट तयार झाली असे वाटून घाई होते किंवा ती पातळ होऊन फाटते. शीट घट्ट बांधलेल्या पिशवीत, जमिनीपासून वर, फळीवर ठेवाव्यात.

तापवताना शीट स्वतःच सगळे सांगते. आधी तिच्यावर लाटा येतात. मग त्या लाटा ओसरतात आणि शीट क्षणभर ताणल्यासारखी सपाट होते. त्यानंतर ती मधोमध झोळीसारखी खाली झुकू लागते. पातळ शीटसाठी ही झोळी दिसू लागली की साच्यावर उतरवायची वेळ झाली. आणखी थांबले तर झोळी लोंबते, धागे सुटतात, आणि हीटर खालच्या बाजूला असलेल्या यंत्रात त्याच्यावर थेंब पडून शीट पेट घेते. पॉलिस्टायरीन काळाकुट्ट, तेलकट धूर सोडत जळते. अशा वेळी आधी वीज बंद, मग हीटर शीटपासून बाजूला, मग सुक्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशमन नळकांडे. चालू विजेवर पाणी नाही. ते नळकांडे यंत्राच्या मागे टांगलेले असेल तर आगीच्या वरून हात घालावा लागतो. ते दाराच्या बाजूला हवे. आणि हीटर चालू असताना चालवणारा जागचा हलत नाही, फोन वाजला तरीही.

अंगावरचे कपडेही महत्त्वाचे आहेत. नायलॉन, पॉलिएस्टर चटका लागताच वितळून कातडीला चिकटतात, सुती कापड तसे करत नाही. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या उतरवलेल्या. पायात बंद बूट. चौकट आणि साचा हाताळताना चामड्याचे कोरडे हातमोजे, कारण ओल्या मोज्यातून उष्णता पटकन आत येते. एकामागून एक दहा वस्तू काढल्या की सागवानी साचाही तापून राहतो आणि बाहेरून तसा दिसत नाही. चौकटीचे खटके बंद करताना बोट कुठे आहे ते बघणे, हे तर प्रत्येकाने पहिल्या दिवशीच शिकायचे.

साचा चांगला असेल तर निम्मे अपघात टळतात. उभ्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार दिला की गार झालेली शीट सहज सुटते. आत वळलेले कंगोरे असतील तर साचा शीटमध्ये अडकतो, आणि मग माणूस स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावतो. तो निसटतो तो थेट दुसऱ्या हातात. खोलगट भागात मिलिमीटरभराचे छिद्र पाडले की तिथली हवा निघते आणि शीट पहिल्याच वेळी नीट बसते. ओले लाकूड किंवा न वाळलेले प्लास्टर साच्यासाठी वापरू नये.

हवा खेचणाऱ्या बाजूला धोका वाटत नाही, कारण तिथे काही तापत नाही. पण जुगाड इथेच जास्त होतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून चालतो, मात्र तो काढताना आतला वायू हवेत सोडू नये. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तो काढून घ्यावा. हवेचा साठा म्हणून टाकी लावायची तर ती निर्वातासाठी बनलेलीच हवी. पातळ पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी बाहेरच्या हवेच्या भाराने आत कोसळते आणि तुकडे उडतात. जुन्या गॅस सिलिंडरला भोक पाडून टाकी करण्याची कल्पना तर मनातही आणू नये. रिकामा वाटणाऱ्या सिलिंडरमध्येही गॅस उरलेला असतो.

भाजण्याची भीती सगळ्यांना असते, म्हणून त्याबाबतीत लोक सावध राहतात. कापण्याबाबतीत तसे होत नाही, आणि सामायिक कार्यशाळेत लहानमोठ्या जखमा नेमक्या तिथेच होतात. साच्यातून निघालेल्या वस्तूच्या कडा कापायच्या असतात आणि काम संपत आल्याची घाई असते. वस्तू मांडीवर धरून नाही, टेबलावर आवळून कापायची. पाते नवे हवे, कारण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावलेले पाते घसरते. एका दमात आरपार न जाता दोन-तीन हलक्या रेघा मारायच्या आणि धरणारा हात पात्याच्या वाटेत ठेवायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. ॲक्रिलिकसारखी ठिसूळ शीट तुटताना कपचा उडतो. कापलेल्या पट्ट्या जातवार वेगळ्या साठवायच्या, चुलीत किंवा शेकोटीत टाकायच्या नाहीत.

एवढे सगळे नियम कुणी करायचे, हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. अशा प्रयोगशाळांची जगभर एक सामायिक सनद आहे. त्यात वापरणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या तीन: माणसाला आणि यंत्राला इजा होऊ न देणे, स्वच्छता व देखभालीत हात लावणे, आणि आपण शिकलो ते लिहून व शिकवून पुढे देणे. तिसरी जबाबदारी सुरक्षेचीच आहे. शीट फाटली, पंप आवाज करू लागला, खटका सैल झाला, हे वहीत लिहिले नाही तर पुढच्याला ते अपघातातून कळते.

सनद बाहेरून आलेली असली तरी सामायिक गोष्ट सांभाळण्याची रीत गडचिरोलीत आधीपासून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सगळ्यांचे पटेपर्यंत बोलणे चालू राहते. या रीतीला वेळ लागतो, पण एकदा ठरलेला नियम कुणाला परका वाटत नाही, कारण त्याच्या आक्षेपाचे उत्तर त्यात आलेले असते. कार्यशाळेच्या यंत्रालाही ही रीत चांगली लागू पडते. 'एकट्याने यंत्र चालवू नये' अशी पाटी लावली की ती पुसली जाते. नाटकाच्या हंगामात रात्री मुकुट काढायला येणारे, सकाळी लाडूचे साचे काढणाऱ्या बचतगटाच्या बाया आणि दुपारची आयटीआयची मुले एकत्र बसली, तर रात्री सोबतीला कोण, किल्ली कुणाकडे, नव्या माणसाने किती वेळा बघून मग हात लावायचा, हे ते स्वतः ठरवतील. तीन वेळा पाहणे, तीन वेळा जाणत्याच्या देखरेखीखाली करणे आणि मग वहीत नाव लागणे, अशी साधी पायरी बहुतेक ठिकाणी पुरते.

तरीही चटका बसेल, तेव्हा काय करायचे हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवे. भाजलेली जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली, पूर्ण वीस मिनिटे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल काही लावायचे नाही. सूज येण्याआधी बांगडी-अंगठी काढायची. कातडीला चिकटलेले प्लास्टिक ओढून काढायचे नाही. तेही पाण्याखाली गार होऊ द्यायचे, बाकीचे काम दवाखान्यात. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कापडाने सैल झाकायचे. भाजणे तळहाताहून मोठे असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथल्या कार्यशाळेत यंत्राच्या आधी पाण्याची टाकी आणि नळ बसवावा लागेल. वीस मिनिटे पाणी हा तिथे पहिला उपचार असतो, आणि कित्येक तास एकमेव.

दिवस संपतो तेव्हा शेवटच्या माणसाची कामे मोजकी असतात. लाल बटण दाबायचे, भिंतीवरचा मुख्य स्विच खाली करायचा, उरलेल्या शीट पिशवीत घालायच्या, पाती डबीत टाकायची. वहीत तारीख, शीटची जात, किती वस्तू काढल्या, व्होल्टेज किती होते आणि काय बिघडले ते लिहायचे. मग थोडे थांबायचे. हीटरपासून वीतभर अंतरावर हाताची पालथी बाजू धरून बघायची. ऊब लागत नाही अशी खात्री झाली की पाटी उलटायची, 'थंड' ही बाजू दाराकडे येईल अशी, आणि कुलूप लावायचे.